रोहिणीचे पाणी आणि आमची मुले

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कामगार वस्त्यांत आमच्या मुलांना बुद्ध दोनदा भेटतो. एकदा शाळेच्या पुस्तकात आणि एकदा विहारात. शाळेत चार आर्यसत्ये आणि अष्टांगिक मार्ग. विहारात त्रिशरण आणि पंचशील. मुले दोन्ही घडाघडा म्हणून दाखवतात, पालक सुखावतात. पण या पाठांतराला धम्माची ओळख म्हणायचे काय, हा प्रश्न मला शिक्षक मित्रांपुढे आणि विहारांच्या कार्यकर्त्यांपुढे ठेवायचा आहे.

गृहत्यागाचीच गोष्ट घ्या. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून राजपुत्र विरक्त झाला, ही कथा मुलांना सांगितली जाते. आमच्या विहारांच्या भिंतींवरही ती रंगवलेली आढळते. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी पहिलाच प्रश्न या कथेला विचारला आहे. २९ वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारपण, आजार, मरण पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटते काय? पुढे ते आर्यसत्यांविषयी, आत्मा-कर्म-पुनर्जन्माविषयी आणि भिक्षूच्या प्रयोजनाविषयी असेच रोखठोक विचारतात. ग्रंथाला हार घालणारे आपण ही थोडी पाने मात्र ओलांडून जातो. माझ्या मते शिकवायला सुरुवात करायची ती तिथूनच.

पहिल्या प्रश्नाचे बाबासाहेबांनी दिलेले उत्तर मी मुलांना सांगतो. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होतो. शाक्यांचा सेनापती संघापुढे युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो; ठराव बहुमताने संमत होतो. सिद्धार्थ तरीही लढायला नकार देतो. तेव्हा सेनापती बजावतो की संघ तुझ्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालील, जमीन जप्त करील. कुटुंबाला शिक्षा नको म्हणून सिद्धार्थ स्वतः देशत्याग पत्करतो. एका वर्गात 'बहिष्कार' या शब्दाशी आलो आणि नववीतली एक मुलगी मध्येच म्हणाली, "सर, आमच्या आजोबांवर घातला होता गावानं." कपिलवस्तू त्या क्षणी तिच्या गावाशेजारी आले. चार दृश्यांच्या कथेने हे कधी घडले नसते.

पाण्याचेही तसेच. १९२७ चे चवदार तळे आमच्या मुलांना ठाऊक असते. पण ९ ऑगस्ट २०११ रोजी याच पट्ट्यापासून जवळ, मावळातल्या बऊर गावापाशी, पवना धरणाचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध शेतकरी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघे मारले गेले, हे त्यांना कोणी सांगत नाही. नळाला येणारे पाणी कुणाच्या शेताशेजारून येते, हे शहरातल्या मुलाने विचारले पाहिजे. रोहिणीची गोष्ट त्याला तो प्रश्न विचारायला शिकवते.

इथे जाणकार हरकत घेतील, आणि ती घ्यावी. पाली परंपरेत रोहिणीचा तंटा आहे, परंतु तो बुद्ध संबोधीनंतर मिटवतात. गृहत्यागाशी शाक्य-कोलीयांच्या कलहाचा संबंध धर्मानंद कोसंबी यांनी अत्तदंड सुत्ताच्या आधारे जोडला होता. बाबासाहेबांनी त्यातून संघसभेचा सगळा संघर्ष उभा केला. मोठ्या मुलांपुढे दोन्ही कथा ठेवाव्यात आणि निवड त्यांना करू द्यावी. श्रद्धेला यामुळे तडा जाईल अशी भीती ज्यांना वाटते, त्यांनी बाबासाहेब पुरते वाचलेले नाहीत, असे मी म्हणेन.

पंचशीलाबद्दल एवढेच सांगतो की, त्यात प्रत्येक शीलाला 'सिक्खापद' म्हटले आहे. सिक्खापद म्हणजे आपण होऊन घेतलेला शिक्षणाचा नियम. वरून आलेली आज्ञा नव्हे. हा एक शब्द फोडून सांगितला तरी मुलांचा आवाज बदलतो.

आणि धम्म पुस्तकाबाहेर दाखवायचा असेल तर लांब जायला नको. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी, नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी, बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती स्थापन केली. त्या दिवशी तिथे दरवर्षी गर्दी होते, मुलेही येतात. तिथून थोड्या अंतरावर, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत, घोरावडेश्वराचा डोंगर आहे. तिथली शेलारवाडीची लेणी बौद्ध आहेत. त्यांतले एक लेणे धेनुकाकट इथल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने आपल्या मुलासह दान दिले, असा ब्राह्मी लेख तिथे कोरलेला आहे. पुढे कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्याच सामी नावाच्या सुताराचे आणि सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे नाव आहे. हे दोघे दरवाजाच्या कामाचे मानकरी. यंत्रावर राबणाऱ्यांच्या मुलांना दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचे नाव दगडावर वाचता यावे, यासाठी ब्राह्मीची थोडी अक्षरे शिकवणे काही अवघड नाही.

घोरावडेश्वराला आज शिवलिंगाची पूजा होते. मुले विचारतील, लेणे बौद्धांचे तर आत पिंड कशी? त्या प्रश्नाला भिऊन सहल रद्द करू नये.