हाताआडची ज्योत

मानवाकृती रंगवायला शिकणारा बहुतेक वेळा अडतो तो चेहऱ्यापाशी. नाक-डोळे जमले की माणूस जमला असे त्याला वाटते. मग बारीक ब्रश घेऊन तो पापण्या कोरत बसतो आणि मान, खांदे, कंबर लाकडी राहतात. अशा विद्यार्थ्याने सा. ल. हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ निवांत पाहावे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले हे चित्र पुष्कळजण आजही राजा रविवर्म्याचे समजतात. चित्रासाठी उभी राहिली होती हळदणकरांची कन्या गीता.

एका हातात पितळी दिवा, दुसरा हात ज्योतीच्या आड, अंगावर साडी, मागे भिंतीवर पडलेली सावली. एवढाच ऐवज. भाव मात्र चेहऱ्यावर यायच्या आधीच देहात आला आहे. ज्योत जपायची म्हणून तळहात पुढे आला, त्यामागे खांदा वळला, मान किंचित कलली आणि पावलांपर्यंत सगळे अंग त्या सांभाळण्यात गुंतले. क्षणभर चेहरा झाकून पाहा, तरी ही मुलगी काय करते आहे ते कळते. पोझ निवडतानाच निम्मे चित्र होऊन जाते ते असे.

आणि हे सारे जलरंगात! तैलरंगात चुकलेला हात खरवडून पुन्हा रंगवता येतो. जलरंगात उजेड म्हणजे मोकळा सोडलेला किंवा अगदी पातळ रंगाखालून दिसणारा कागद. तो एकदा मळला की पहिल्यासारखा होत नाही. म्हणून बोटांच्या कडांतून झिरपणारी ती लाली मला या चित्रातली सर्वांत धीट जागा वाटते. प्रकाशाला अडवणारा हात स्वतःच पेटल्यासारखा दिसतो. तिथे रंगाचा एक थर जास्त झाला असता तर बोटे मातीची झाली असती. कुठे थांबायचे हे ब्रश टेकवण्यापूर्वी ठरलेले असल्याशिवाय असा हात रंगवता येत नाही. चित्रकलेच्या वर्गात ज्याला आत्मविश्वास म्हणतात, तो मला या थांबण्यात दिसतो; झपाट्याने मारलेल्या फटकाऱ्यांत तो असतोच असे नाही.

सावंतवाडीत जन्मलेले हळदणकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि 1908 साली त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली. शिकवणाऱ्या माणसाचे हे चित्र आहे, आणि त्यातून शिकणे अवघडही नाही. डोळे किलकिले करून पाहिले की तपशील विरतात, उजेड-अंधाराचे चार-पाच मोठे आकार उरतात. नक्कल करायची तर त्या आकारांची करावी, जाड ब्रशने, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर. भिंतीवरची सावलीही आकृतीइतक्याच मनापासून रंगवावी, कारण दिवा अंगाच्या किती जवळ आहे हे तीच सांगते. चेहरा शेवटी.