क्वीन, पाचगणी आणि देवबागचा गजर

पाश्चात्त्य रॉक संगीताविषयी मराठीत अलीकडे जे लिहिले जाते त्याचा मोठा भाग आठवणींनी व्यापलेला असून त्या आठवणींत प्रत्यक्ष संगीताला फारच थोडी जागा मिळते. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, त्याच वर्षी मे महिन्यात महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गन्स एन रोझेस हा बँड वाजवून गेला, आणि या दोन्ही निमित्तांनी अमुक बँडच्या गाण्यांवर आपली पिढी कशी वाढली हे सांगणाऱ्या मजकुराला उधाण आले. पहिली कॅसेट कोणाकडून मिळाली, वसतिगृहाच्या खोलीत ती कितीदा ऐकली, तिकिटासाठी कोणती धडपड करावी लागली, याची वर्णने त्यात तपशिलाने येतात; परंतु त्या गाण्यातला ठेका कशामुळे पकड घेतो, आवाजावर आवाज कसा चढवला आहे, आणि इतकी वर्षे ते ऐकून ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या गाण्याबजावण्यात काय बदलले, हे कोणी विचारीत नाही. ज्या कलेबरोबर एखादी पिढी वाढली त्या कलेने त्या पिढीच्या हातून काय घडवून घेतले, एवढाच निकष लावला तरी गेल्या चाळीस वर्षांतील मराठी रॉकप्रेमाचा हिशेब अत्यंत तुटपुंजा निघतो.

क्वीन या बँडविषयीचा मराठी अभिमान हा या तुटपुंजेपणाचा सर्वांत ठळक नमुना आहे. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेला फारोख बलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तेथेच १९५८ च्या सुमारास त्याने शाळासोबत्यांबरोबर हेक्टिक्स नावाचा बँड उभा केला, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. २०१८ मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा चित्रपट आल्यापासून तर पाचगणीचे नाव घेतल्याशिवाय या बँडवरचा मराठी लेख पुराच होत नाही. मात्र हेक्टिक्सची मुले क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्ड यांची गाजलेली गाणी जशीच्या तशी वाजवीत असत, आणि तेथे पियानोवर बसणाऱ्या त्या मुलाला संगीताच्या इतिहासात जे स्थान मिळाले ते हे अनुकरण मागे टाकल्यानंतर मिळाले, याकडे कोणी लक्ष देत नाही. १९६४ च्या झांझिबारमधील क्रांतीनंतर त्याचे कुटुंब इंग्लंडला गेले, १९७० मध्ये लंडनमध्ये क्वीनची स्थापना झाली, आणि ऑपेरा, जुन्या इंग्रजी नाट्यगृहांतील विनोदी पदे, कर्कश गिटार अशी एकमेकांशी न जुळणारी सामग्री बँडच्या चौघांनी एकाच गाण्यात नांदवून दाखवली. मराठी अभिमान पाचगणीपाशी थांबतो, म्हणजे नेमका अनुकरणाच्या टप्प्यावर थांबतो, आणि पुढचा सगळा खटाटोप त्याच्या नजरेतून निसटतो.

तो खटाटोप सविस्तर पाहण्याजोगा आहे. १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या जवळजवळ सहा मिनिटांच्या गाण्यात मधल्या भागात जो प्रचंड गायकसमूह ऐकू येतो तो मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांच्याच कंठांतून निघालेला आहे. ध्वनिफितीवर शेजारीशेजारी असलेल्या स्वतंत्र पट्ट्यांना ट्रॅक म्हणतात. एका ट्रॅकवर गायलेले ऐकत दुसऱ्यावर पुन्हा गायचे, भरलेले ट्रॅक एकत्र करून जागा मोकळी करायची आणि तिच्यावर आणखी आवाज चढवायचे, असे त्यांनी इतक्यांदा केले की फितीवरचा लेप झिजून ती पारदर्शक दिसू लागली होती, असे बँडचे सदस्य सांगत आले आहेत. मेची गिटार तर त्याने आणि त्याच्या वडिलांनी १९६३ पासून घरीच तासून तयार केली होती. तिची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, स्प्रिंगा मोटारसायकलच्या, आणि सुरांच्या खुणा शिंपल्याच्या बटणांच्या. १९७७ च्या ‘वी विल रॉक यू’ मध्ये अखेरची गिटार येईपर्यंत ढोल नाही, बास नाही, केवळ दोनदा पाय आपटणे आणि एक टाळी आहे. फळ्यांवर पाय आपटून केलेली ही ध्वनिमुद्रणे एकावर एक चढवताना, भौतिकशास्त्र शिकलेल्या मेने त्यांच्यात निरनिराळ्या अंतराचा विलंब ठेवला, त्यामुळे मोजकी माणसे हजारोंच्या जमावासारखी ऐकू येतात. घरच्या वस्तूंपासून वाद्य बनवणे, आपल्याच आवाजाचे थर रचणे आणि श्रोत्याच्या हातापायांना गाण्यात सामील करून घेणे, ही या संगीताची खरी विद्या आहे, आणि ती शिकायला इंग्रजी शब्द पाठ असण्याची गरज नाही.

मुंबईच्या रॉकने ही विद्या घेतली का, याचे उत्तर थोडक्यात देता येते. धोबी तलावाजवळचे रंगभवन, १९८६ पासूनचा इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव, आणि रॉक मशीन हा बँड, जो १९९३ मध्ये इंडस क्रीड झाला, यांच्याभोवती जे घडले त्यात वादनाची सफाई निश्चित होती, पण ते संगीत ज्या शहरात वाजले त्या शहराचा कोणताही आवाज त्यात शिरला नाही. मेटल वाजवणाऱ्यांची तालीम कडक असते, तेवढ्यापुरता त्यांचा आदर करावा. समुद्रकिनाऱ्यावरील हॉटेलांतून जुनी इंग्रजी गाणी वाजवणाऱ्या बँडांविषयी समीक्षेने काही बोलण्याचे कारण नाही. अभंग रीपोस्टसारख्या गटांनी संतरचनांच्या मागे गिटार आणि ड्रम आणून तरुण श्रोता मिळवला. मात्र श्रोत्याला आधीच पाठ असलेल्या रचनेची लोकप्रियता येथे निम्मे काम करून जाते, आणि गिटार बाजूला काढली तरी अभंगाचे काहीच अडत नाही, हाच या जोडणीच्या वरवरपणाचा पुरावा आहे. स्वदेसीसारख्या गटातील मराठी रॅप हा निराळ्या लेखाचा विषय असून, मुंबईच्या रॉकने ज्या भाषेकडे पाठ फिरवली ती भाषा रॅपने व्यासपीठावर आणली, इतके येथे नोंदवणे पुरेसे आहे.

ज्यांनी विद्या घेतली त्यांच्यात पहिले नाव रेमो फर्नांडिसचे. तेरेखोल नदीच्या पलीकडे, गोव्याच्या बार्देशातील शिवोली या गावी राहणाऱ्या या वास्तुशास्त्राच्या पदवीधराने १९८४ मध्ये ‘गोवन क्रेझी’ ही कॅसेट आपल्या घरात, चार ट्रॅकच्या साध्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केली. वाद्ये त्यानेच वाजवली, आवाजांचे थर त्यानेच चढवले, आणि तयार कॅसेट स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोहोचवल्या. पुढच्याच वर्षी ‘ओल्ड गोवन गोल्ड’मध्ये त्याने गोव्यातील पारंपरिक गाण्यांना हात घातला, १९८६ च्या ‘पॅक दॅट स्मॅक’मध्ये अमली पदार्थांचा विषय घेतला. त्याची गाणी बहुतांशी इंग्रजीत आहेत, तरी ती ऐकताना ती गोव्याखेरीज अन्यत्र जन्मली असतील असा संशय येत नाही. कारण त्यांतील लय मांडो आणि दुलपद या तिथल्या गीतप्रकारांच्या अंगाने चालते, आणि चावडीवरचा विषय उघडपणे गाण्याची वृत्ती तियात्रातील कांतारांशी, म्हणजे नाटकाच्या प्रवेशांमध्ये गायल्या जाणाऱ्या टीकात्मक पदांशी, नाते सांगते. क्वीनच्या चौघांना जे मोठ्या स्टुडिओत साधले त्याचे मर्म या एकट्या माणसाने खेड्यात बसून ओळखले होते, आणि मराठी रॉकप्रेमाने त्याला ‘हम्मा हम्मा’चा गायक एवढ्यावर संपवले, हा त्या प्रेमाचा मोठाच दोष मानला पाहिजे.

दुसरे नाव इंडियन ओशनचे. दिल्लीत १९९० मध्ये सुरू झालेल्या या बँडच्या २००० च्या ‘कंदिसा’ या संग्रहात ‘माँ रेवा’ हे नर्मदेचे पारंपरिक स्तोत्र आहे, आणि बासवादक राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात काम करीत असताना त्या खोऱ्यातील गाणी बँडकडे आली. असीम चक्रवर्ती मांडी घालून तबला वाजवीत आणि त्याच वेळी गात. त्यामुळे सुरावटीचे श्वास ठेक्याच्या जागांनी ठरत, आणि गिटारलाही त्याच श्वासाने चालावे लागे. येथे लोकगीताला रॉकची साथ दिलेली नाही. लोकगीताने रॉकच्या वाद्यांची चाल बदलून टाकलेली आहे. २००९ मध्ये चक्रवर्तींचे निधन झाल्यावर तो तोल पुन्हा त्याच ताकदीने सापडला नाही, तरी वाट दाखवून झालेली होती. नर्मदेचा एक काठ नंदुरबार जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रातच आहे, आणि तरीही त्या वाटेने कोणताही मराठी बँड दूरवर चालून गेला नाही.

आता मालवण तालुक्यातील देवबागसारख्या गावाकडे पाहावे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीचे पात्र आणि दक्षिणेला दोघांचा संगम असलेल्या या चिंचोळ्या पट्टीवर पाश्चात्त्य संगीत मुंबईच्या चाकरमान्यांच्या आणि जहाजांवर नोकरी करणाऱ्यांच्या कॅसेटांतून आले, पुढे केबलवरून आणि शेवटी मोबाइलवरून आले. आज पर्यटनामुळे ते किनाऱ्यावरच्या ध्वनिवर्धकांतूनही ऐकू येते. या संगीतावर वाढलेला मालवणी तरुण त्याला शहरी जाणतेपणाचे प्रमाणपत्र समजतो आणि त्याच वेळी आपल्या मंडपात रात्रभर चालणारी डबलबारी ही वडीलधाऱ्यांची गोष्ट मानतो. ही विभागणी चुकीची आहे, एवढेच नव्हे तर संगीताच्या दृष्टीने निराधार आहे.

डबलबारी म्हणजे दोन भजनीबुवांचा समोरासमोरचा सामना. प्रत्येक बुवा पेटीवर बसून स्वतः गातो, मागे पखवाज, झांज आणि कोरस असतो, आणि आळीपाळीने येणाऱ्या बाऱ्यांत रूपाचा अभंग, गवळण, गजर असे टप्पे घेत एक बुवा दुसऱ्याला गाण्यातूनच प्रश्न टाकतो व उत्तर देतो. त्यातले कितीतरी शब्द जागेवर जुळवलेले असतात. गजरात लय चढत जाते तेव्हा मंडपातील माणसांचे हात टाळीला आपोआप उठतात. मे याने विलंबाच्या गणिताने कृत्रिमरीत्या जो जमाव उभा केला तो येथे हाडामांसाचा हजर असतो. चंद्रकांत कदम, परशुराम पांचाळ यांच्यासारख्या बुवांनी या प्रकाराला जी लोकप्रियता मिळवून दिली ती कोणत्याही रॉक गायकाला हेवा वाटावा अशी आहे. दोष आहेत, आणि ते मोठे आहेत. चित्रपटगीतांच्या चाली उसन्या घेऊन त्यांत देवाची नावे बसवण्याची सवय बुवांना लागली आहे, आणि ही सवय हेक्टिक्सच्या मुलांच्या सवयीहून वेगळी नाही.

दशावतार या कोकणातल्या लोकनाट्याची स्थिती याहून अवघड आहे. आडदशावतारानंतर आख्यान, लिखित संहितेवाचून रंगणारे संवाद, आणि पेटी, पखवाज व झांज एवढ्यावर रात्र पेलणारे संगीत, असा हा खेळ जत्रेतल्या धयकाल्यात वर्षानुवर्षे चालत आला, आणि सुधीर कलिंगणांसारख्या नटाला त्याने घराघरांत नेले. २०२५ च्या ‘दशावतार’ चित्रपटाने त्याच्याविषयी राज्यभर कुतूहल निर्माण केले, तेही चांगलेच झाले. मात्र धूर, रंगीत झोत आणि हवेत उडणारी पात्रे यांवर भर देणाऱ्या ट्रिकसीनच्या नाटकांनी रॉकच्या रंगमंचावरून नेमकी तीच गोष्ट उचलली आहे जी सर्वांत कमी महत्त्वाची होती, आणि पखवाज त्या गदारोळात मागे पडला आहे.

यावर परंपरेचे रक्षणकर्ते सांगतात की विजेचे काहीच नको, आणि नवतेचे पुरस्कर्ते सांगतात की पखवाजाजागी ड्रम आणावेत. दोघांचेही म्हणणे फेटाळले पाहिजे. पहिल्यांनी हे लक्षात घ्यावे की ध्वनिवर्धक या मंडपात केव्हाच आलेला आहे; त्याच्याशी भांडण करण्याची वेळ गेली, आता तो नीट वापरण्याचे ज्ञान हवे. दुसऱ्यांनी हे समजून घ्यावे की पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून मिळणारा घुमारा कोणत्याही बास ड्रमला देता येत नाही, आणि तो बदलला की गजराची चालच मोडते. रॉककडून मागायची असेल तर ध्वनिमुद्रणाची शिस्त मागावी. डबलबारीच्या कॅसेट, व्हीसीडी आणि आता मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती भरपूर आहेत, परंतु त्यांतील बहुतेकांत बुवाचा आवाज आणि पेटी पुढे, झांजेचा कर्कश थर सर्वांवर, आणि पखवाजाचे डावे तोंड जवळजवळ नाहीसे, अशी अवस्था असते. जे ऐकून पुढची मुले वाढणार ते अशा अर्धवट स्वरूपात शिल्लक राहत असेल, तर त्यांनी क्वीनकडे वळावे यात नवल कसले?

अशा शिस्तीसाठी मुद्रणात प्रत्येक आवाज वेगळा केला तर सामन्यातील चुरस मरेल, हा आक्षेप अज्ञानातून येतो. प्रत्येक बुवाला, प्रत्येक पेटीला आणि पखवाजाच्या दोन्ही तोंडांना स्वतंत्र मायक्रोफोन देऊन, सगळे एकत्र गात-वाजवीत असतानाच प्रत्येकाचा ट्रॅक निराळा उतरवता येतो. लोकांच्या टाळ्यांसाठी मंडपात आणखी दोन मायक्रोफोन लावता येतात, आणि आवाजांचे वजन नंतर शांतपणे ठरवता येते. ज्या उपकरणावर हे होते ते आज लग्नाच्या वाद्यवृंदांकडेही असते. देवबाग-तारकर्लीच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी जुन्या इंग्रजी गाण्यांच्या संध्याकाळी भरवणाऱ्यांनी त्या खर्चाचा काही भाग एका डबलबारीच्या अशा मुद्रणाला द्यावा, आणि त्या बारीसाठी दोन्ही बुवांनी चित्रपटाची एकही चाल न घेता स्वतः बांधलेल्या चालीच म्हणाव्यात, अशी अट घालावी. चाली पुरेशा झाल्या नाहीत तर बारी छोटी ठेवावी, पण अट सैल करू नये.