गिरणगावची शाहिरी: पुराव्यापलीकडची कला

गिरणगावातील शाहिरीचा विचार मराठी समीक्षेने बहुतेक वेळा चळवळीच्या इतिहासाचे परिशिष्ट म्हणून केला आहे. कोणता पोवाडा कोणत्या लढ्यात गाजला याच्या नोंदी झाल्या. परंतु रचनेची बांधणी, चाल आणि सादरीकरण यांची मीमांसा क्वचितच झाल्यामुळे या कलेची आजची अवस्था सांगू पाहणाऱ्याला परिभाषाच अपुरी पडते.

लालबाग-परळच्या चाळींत ही कला दोन धारांनी वाढली. पहिली धारा आंबेडकरी जलशांची. सत्यशोधकांच्या पावलावर पाऊल ठेवून या जलशांनी तमाशाचा गण, गौळण, बतावणी व वग हा क्रम उचलला आणि त्यात जातिविरोधी प्रबोधन भरले. भीमराव कर्डक हे या प्रकारातील अग्रगण्य नाव. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेचा विचार 9 मार्च 1924 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये झाला होता, तेव्हा या धारेला वैचारिक भूमी शोधण्यासाठी दूर जावे लागले नाही. दुसरी धारा डाव्या कलापथकांची. 1943मध्ये मुंबईतच इप्टा ही जननाट्य संघटना स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. बंगालच्या दुष्काळावरचा ‘बंगालची हाक’ हा अण्णाभाऊंचा पोवाडा याच काळातला.

वस्ती एक, डफ-तुणतुणे तेच. तरीही एका फडावर जात बोलत होती आणि दुसऱ्यावर वर्ग. अण्णाभाऊ या दोहोंच्या सीमेवर उभे होते. त्यांनी गणातून गणपतीला हलवून तेथे मातृभूमीला आणले, हा बदल वरवर किरकोळ दिसतो, पण प्रयोगात पहिला नमस्कार कोणाला हे ठरवणे म्हणजे पुढील सारे नाट्य कोणाच्या साक्षीने होणार हे ठरवणे होय. 1958मध्ये दादरच्या बंगाली शाळेत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटनही त्यांनीच केले. मात्र दोन धारांमधील ताण मिटला नाही. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा जणांचा बळी गेल्यानंतर डावे शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली, तेव्हा त्यांच्या कपाळावर निळी पट्टी होती. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (2011) हा माहितीपट तेथूनच सुरू होतो.

या कलेचे मर्म झिलकऱ्यांत आहे. मुख्य शाहीर ओळ टाकतो आणि मागचे साथीदार ‘जी जी’ची झील लांबवत ती उचलतात, त्या अवधीत शाहीर श्वास घेतो, श्रोत्यांचा अंदाज घेतो आणि गरज पडल्यास पुढचे कडवे तिथल्या तिथे बदलतो. चाळीचे अंगण हे या देवघेवीचे खरे रंगपीठ होते. 1982च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, पुनर्विकासात अंगणे गेली, आणि त्याआधीच कॅसेटने झिलकऱ्याची जागा कीबोर्डला देऊन टाकली होती. 6 डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात आजही भीमगीतांना तोटा नाही. वामनदादा कर्डकांच्या रचना तेथे जिवंत आहेत. पण ध्वनिवर्धकावरच्या गाण्याला श्रोत्याकडे पाहून थांबता येत नाही. गाणाऱ्या स्त्रियांचे आवाज वाढले आहेत, त्या मानाने त्यांच्या स्वतःच्या रचना मंचावर फारच कमी येतात, आणि ही उणीव समीक्षकांनाही फारशी खुपत नाही.

रंगमंचाने व चित्रपटाने शाहिरीला नवा प्रेक्षक मिळवून दिला. संभाजी भगत यांची संकल्पना व संगीत असलेल्या ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ने पोवाड्याची ऊर्जा नाट्यगृहात टिकवून धरली, हे मोठे यश. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये मात्र शाहिराचे गाणे न्यायालयात पोचते ते पुरावा म्हणून: चाल, झील आणि श्रोते गाळून, उरलेल्या शब्दांपुरते. मराठी समीक्षेची वहिवाट याहून फार वेगळी नाही. जुन्या झिलकऱ्यांच्या स्मरणात चाली अजून आहेत, पण संकलने निघतात ती संहितांची. आणि ज्या परळमध्ये त्या चाली पुन्हा ऐकता आल्या असत्या, तेथील दामोदर नाट्यगृह शंभरी ओलांडून 2023मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले.