टाइप उशिरा कळतो तेव्हा

सी-शार्पमध्ये २००५ साली जेनेरिक्स आले. प्रोग्राम चालू असतानाही टाइप शाबूत राहतो, जावासारखा पुसला जात नाही, म्हणून आपण कौतुक केलं. पण ग्राहक आणायचे की ऑर्डरी, हे सेटिंगची फाइल वाचल्यावरच कळणार असेल तर? व्हेरिएबलमधला टाइप मेथडला थेट देताच येत नाही! मग रिफ्लेक्शनने मेथड शोधा, मेकजेनेरिकमेथड, मग इन्व्होक. मेथडचं नाव स्ट्रिंगमध्ये चुकलं, तरी कंपायलर गप्प. आतली चूकही टार्गेटइन्व्होकेशनएक्सेप्शनमध्ये गुंडाळून येते, आणि आपण बाहेरचाच कागद वाचत बसतो. २०१० च्या डायनॅमिकने सुटका झाली म्हणतात. आमच्या मते अर्धीच: टाइप आर्ग्युमेंटवरून ओळखता आला तरच ते चालतं. आर्ग्युमेंटच नसलं, की पुन्हा रिफ्लेक्शन आलंच.