चिनी लढाऊ विमाने : नक्कल, आकडे आणि इंजिन

मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षानंतर पाकिस्तानच्या ताफ्यातील जे-१०सी या चिनी विमानाचे नाव शाळकरी मुलांच्याही तोंडी आले. तोपर्यंत चिनी विमान म्हणजे रशियन विमानाची स्वस्त नक्कल, असा आपल्याकडे ठाम समज होता. त्यानंतर एकदम उलट सूर लागला आणि चीन सगळ्यांच्या पुढे निघून गेल्याचे छापून येऊ लागले. पाकिस्तानने भारतीय विमाने पाडल्याचे दावे केले. भारताने काही विमाने गमावल्याचे मान्य केले, पण संख्या सांगितली नाही. एवढ्याशा माहितीवर उभारलेले हे दोन्ही निष्कर्ष आम्हाला पटत नाहीत. शिक्षकांना वर्गात या प्रश्नाला तोंड द्यावे लागते, म्हणून त्यातले विज्ञान थोडे तपासून पाहू.

नकलेचा आरोप अर्धा खरा आहे. जे-५ हे मिग-१७ वरून, जे-६ हे मिग-१९ वरून आणि जे-७ हे मिग-२१ वरून घडले. मिग-२१ आपल्या नाशिकजवळच्या ओझरलाही बनत असे. पण १९६० मध्ये सोव्हिएत तज्ज्ञ चीन सोडून गेले होते, आणि पुढच्या वर्षी झालेल्या मिग-२१ च्या करारातून चीनला जे मिळाले ते अपुरे होते. उरलेले चिनी अभियंत्यांना स्वतः शोधून काढावे लागले. जे-७ चे पहिले उड्डाण १९६६ मध्ये झाले. ज्याने उत्तरांची पाने फाटलेल्या पुस्तकावरून गणिते सोडवली आहेत, त्याला नक्कल करण्यातही किती शिकावे लागते ते कळेल.

पुढचे जे-८ पाहा. त्याचे पहिले उड्डाण जुलै १९६९ मध्ये झाले. वेग ध्वनीच्या वेगाजवळ पोचला की हे विमान थरथरू लागे, आणि कारण सापडत नव्हते. १९७८ मध्ये मुख्य अभिकल्पक गु सोंगफेन यांनी विमानाच्या शेपटाकडील भागावर लोकरीचे धागे चिकटवायला लावले. मग वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, स्वतः वैमानिक नसताना, ते प्रशिक्षण विमानाच्या मागच्या आसनावर बसले आणि उडत्या जे-८ च्या अगदी जवळ जाऊन त्यांनी धाग्यांची हालचाल पाहिली. हवा पृष्ठभागाला धरून वाहते तिथे धागा सरळ राहतो. प्रवाह सुटतो तिथे तो फडफडतो. अशा तीन उड्डाणांनंतर दोषाची जागा सापडली आणि तिथला आकार बदलण्यात आला. (पंख्यासमोर पुठ्ठ्याचा पंख धरून हा प्रयोग वर्गातही करता येईल.) याला नक्कल म्हणणे अन्यायाचे आहे.

मात्र जे-८ ला दोन इंजिने का, याचे उत्तर तितकेसे गौरवाचे नाही. एकच मोठे, जोरदार इंजिन चीनजवळ नव्हते. म्हणून मिग-२१ च्या इंजिनावरून केलेली सुधारित इंजिने जोडीने बसवली. चिनी विमानांची खरी परीक्षा घ्यायची तर ती इथे घ्यावी, असे आमचे मत आहे.

जेट इंजिनाच्या टर्बाइनवर येणारा वायू आधुनिक इंजिनात १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहूनही तप्त असतो. पाती ज्या निकेल मिश्रधातूची असतात, तो याच सुमारास वितळू लागतो! पाते टिकते ते त्याच्या आत कोरलेल्या बारीक वाटांतून खेळवलेल्या हवेमुळे. शेनयांगच्या धातुसंशोधन संस्थेत शी छांगशू यांच्या गटाने १९६० च्या दशकातच नऊ छिद्रांचे पोकळ पाते ओतून दाखवले होते, आणि ते जे-८ च्या इंजिनात वापरले गेले. पण उष्णतेखाली पाते फिरण्याच्या ताणाने हळूहळू लांबतही जाते. धातूतील कणांच्या सीमा हे त्यातले दुबळे दुवे. सगळे पाते एकाच स्फटिकाचे ओतले तर या सीमाच उरत नाहीत. प्रयोगशाळेत असे एक पाते ओतणे ही एक गोष्ट. कारखान्यात हजारो पाती एकसारखी ओतणे ही फार निराळी. विमानाचा आकार छायाचित्रावरून उचलता येतो, पण साचा किती वेगाने थंड करायचा हे इंजिन उघडून पाहिले तरी समजत नाही. चीनने १९७५ मध्ये ब्रिटनच्या रोल्स-रॉइसकडून स्पे इंजिनाचा परवाना रीतसर विकत घेतला. तरी ते संपूर्ण स्वदेशी बनवायला पाव शतकाहून अधिक काळ गेला. मार्च १९९८ मध्ये जे-१० उडाले आणि ताफ्यात आले ते रशियन एएल-३१ जातीच्या इंजिनावर. जानेवारी २०११ मध्ये उडालेल्या जे-२० लाही सुरुवातीला रशियन इंजिनांचाच आधार होता. स्वदेशी डब्ल्यूएस-१० त्या दोघांवर मागाहून चढले. आज चीन याबाबतीत स्वतःच्या पायावर उभा आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

आता कामगिरीचे तक्ते. त्यांत ‘माख २, म्हणजे ताशी २४५० किलोमीटर’ असे सर्रास छापतात. हा हिशेब समुद्रसपाटीवरील ध्वनिवेगाचा झाला. लढाऊ विमाने माख २ गाठतात ती सुमारे ११ किलोमीटरांवर. तिथली हवा थंड, ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे २९५ मीटर, म्हणून माख २ म्हणजे ताशी २१२० च्या आसपास. शिवाय क्षेपणास्त्रे पंखाखाली टांगली की तेही कमी होते. ‘पल्ला’ या शब्दाखाली जादा टाक्या लावून केलेला एकेरी प्रवास आणि जाऊन, लढून परत येण्याचे अंतर हे दोन्ही बिनदिक्कत एकाच रकान्यात बसवलेले आम्ही पाहिले आहेत.

जे-२० ला ‘अदृश्य’ म्हणणे हा तर भाषेचाच गोंधळ आहे. रडारचा टप्पा विमानाच्या परावर्तन-क्षेत्राच्या चतुर्थमुळाच्या प्रमाणात बदलतो. परावर्तन सोळापट घटवले की टप्पा निम्मा होतो. दहा हजारपट घटवले तरी एक दशांश उरतोच. विमान दिसते, पण उशिरा दिसते. जे-२० चे परावर्तन नेमके किती, हे चीनने जाहीर केलेले नाही. तक्त्यांतले आकडे छायाचित्रांवरून बांधलेले अंदाज आहेत, मग ते कितीही दशांश स्थळांपर्यंत छापलेले असोत.

मे २०२५ कडे पुन्हा वळू. नजरेपलीकडच्या लढाईत एका विमानाची लढत दुसऱ्याशी नसतेच. जमिनीवरचे रडार, आकाशातले टेहळणी विमान, त्यांना जोडणारी संदेशयंत्रणा, लांब पल्ल्याचे क्षेपणास्त्र आणि वैमानिकांना दिलेले आदेश, या सगळ्यांचा तो एकत्रित निकाल असतो. त्यातून जे-१०सी चे गुण तेवढे वेगळे काढायचे, तर बाकीचे सारे घटक स्थिर ठेवावे लागतील. ते कोणी ठेवले होते?

आम्हाला विचाराल तर चिनी इंजिनाचा एकच आकडा पाहायला आवडेल : किती तास उडाल्यावर ते विमानातून काढून उघडावे लागते. वेग आणि पल्ल्याचे तक्ते पानेच्या पाने भरून येतात. हा रकाना त्यांत क्वचितच दिसतो.