ठेव आणि शेत

वेल्सच्या डोंगराळ खेड्यांतील जुन्या ख्रिस्तमंदिरांभोवती 'ठेवीचा शोध' घेत हिंडण्याचा एक खेळ गेल्या काही वर्षांत रूढ झाला आहे. निव्वळ खेळ म्हणून त्यावर लिहिण्याचे आम्हांस प्रयोजन नव्हते. परंतु ओस पडत चाललेल्या मंदिरांकडे माणसे वळविण्याचा एक उपाय म्हणून त्याची शिफारस होऊ लागली असल्याने, ईश्वरविद्येच्या कसोटीवर तो पारखून पाहणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

खेळाचे स्वरूप साधे आहे. उपग्रहांच्या संदेशांत अमेरिकेने हेतुपुरस्सर ठेवलेली अचूकतेची उणीव २ मे २००० रोजी काढून टाकण्यात आली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात एकाने रानात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तेथून हा खेळ जिओकॅशिंग या नावाने जगभर पसरला. मंदिरांच्या फेरीत एक लहानशी, पाणी न शिरणारी डबी आवाराच्या भिंतीजवळ किंवा फाटकापाशी दडविलेली असते. पुष्कळदा तिचे स्थान थेट सांगत नाहीत. थडग्यावरील मृत्यूचे वर्ष, पाटीवरील अक्षरे, खिडक्यांची संख्या यांवरून ते अंक जुळवावे लागतात. डबी सापडली की आतील कागदावर नाव व तारीख लिहावयाची, ती होती तशी ठेवावयाची आणि पुढच्या गावाची वाट धरावयाची.

या खेळाच्या पदरी काही पुण्य आहे, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. वेल्समधील कित्येक गावांच्या नावांचा आरंभ 'लान' या शब्दाने होतो. त्याचा मूळ अर्थ कुंपण घातलेली जागा, आणि पुढे त्या जागेतील मंदिर. म्हणजे तेथे गावाचे नावच मंदिरावरून पडले. आज मात्र गाव पांगले आणि मंदिर एकटे उरले, अशी अवस्था ठिकठिकाणी आहे. निराधार झालेली मंदिरे सांभाळण्यासाठी १९५७ साली एक संस्था स्थापन व्हावी लागली. वेल्समधील व इंग्लंडमधील अनेक बंद मंदिरे आज तिच्या हाती आहेत. अशा ठिकाणी कोणी पावसात चिखल तुडवीत यावे, शेवाळलेला दगड पुसावा आणि कित्येक वर्षांत कोणी न वाचलेले एखाद्या शेतकऱ्याचे नाव वाचावे, ही लहान गोष्ट नव्हे. संतांच्या सहभागितेवर आपला विश्वास असेल, तर ते वाचन अगदीच व्यर्थ म्हणता येणार नाही.

तथापि आमचा आक्षेप येथूनच सुरू होतो. थडग्यावरील वर्ष कोड्याला लागते, थडग्यातील मनुष्य लागत नाही. मरणाचे साल रेखांशाचा अंक होते आणि उत्तर जुळताच त्याचे काम संपते. पॉइस परगण्यातील पॅट्रिशोच्या मंदिरात पश्चिमेच्या भिंतीवर सांगाड्याच्या रूपात मृत्यू रंगविलेला आहे. त्याच्याजवळ वाळूचे घड्याळही आहे. येणाऱ्या प्रत्येकास तो तुझी वेळ किती उरली, एवढेच विचारतो. डबी बाहेर भिंतीपाशीच सापडली, तर या प्रश्नासमोर उभे राहण्याचे शोधकास कारणच उरत नाही. फेरी मंदिराची खरी. पण ती मंदिराला वळसा घालून जाते.

मत्तयाच्या तेराव्या अध्यायातील दाखला आपण सर्वांनी शिकविला आहे. शेतात दडलेली ठेव एका मनुष्यास सापडते. तो ती खिशात घालून निघून जात नाही. आनंदाच्या भरात तो आपले सर्वस्व विकतो आणि ते शेतच विकत घेतो. शेत म्हणजे केवळ ठेव नव्हे. त्यात तण आहेत, दगडधोंडे आहेत, पडका बांध आहे. ठेव हवी असणाऱ्यास हे सर्व आपलेसे करावे लागते. वेल्सच्या त्या मंदिरांपुरते बोलावयाचे तर गळके छप्पर, रविवारी जमणारे मूठभर वृद्ध उपासक आणि अनेक गावे सांभाळताना थकलेला पाळक, हे ते शेत होय. या खेळात ठेव मिळते, पण शेत घ्यावे लागत नाही. दाखल्याशी शब्दाचे साम्य आहे, वृत्तीचे नाही.

मग अशा फेऱ्यांस विरोध करावा काय? आम्हांस तसे वाटत नाही, आणि याचे उत्तर वेल्समध्येच मिळते. बर्विन पर्वताच्या कुशीत, अरुंद रस्ता जेथे संपतो तेथे, पेनांट मेलांगेलचे मंदिर आहे. आख्यायिका अशी की पॉइसचा राजा ब्रोख्वेल सशाची शिकार करीत त्या खोऱ्यात शिरला. ससा प्रार्थना करीत असलेल्या मेलांगेल नावाच्या कुमारिकेच्या वस्त्राआड दडला. कुत्रे पुढे जाईनात. शिंग फुंकणाऱ्याच्या ओठांनाच शिंग चिकटले. राजाने शिकार सोडली आणि ते खोरे देवाच्या सेवेसाठी व आश्रितांच्या आसऱ्यासाठी तिला देऊन टाकले.

राजा आला तेव्हा तोही शोधकच होता, आणि त्याच्या शोधाचा विषय क्षुल्लक होता. तो थांबला तो पाटी वाचून नव्हे. तेथे कोणी प्रार्थना करीत होते म्हणून. आणि दाखल्यातील मनुष्याने शेत घेतले, येथे राजाने ते दिले. दोघांनीही आपले काही सोडले. या संताचे बाराव्या शतकातील समाधिस्थान धर्मसुधारणेनंतर मोडण्यात आले होते. त्याचे कोरीव दगड मंदिराच्या व प्रवेशद्वाराच्या भिंतींत बसविलेले आढळले. ते काढून १९५८ मध्ये आणि पुढे १९९० च्या सुमारास पुन्हा जुळविण्यात आले. भिंतीत दडलेली खरी ठेव ही अशी असते. ती शोधण्यास काही वर्षे, पुष्कळ हात आणि प्रार्थना लागली. आज तेथे यात्रेकरू येतात आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते.

यावरून आमचा निष्कर्ष असा की दोष डबीचा नाही. डबी शोधणारा भिंतीपाशी पोहोचला, एवढे तिचे काम. पुढे दार उघडे आहे काय, आत कोणी गुडघे टेकले आहे काय, हा प्रश्न शोधकाचा नव्हे, मंडळीचा आहे. प्रभूने हरवलेल्या मेंढराचा दाखला दिला, त्यात शोधणारा मेंढपाळ आहे. मेंढरू नव्हे. जो डबी शोधीत आला, त्याचाच शोध कोणी घेत आहे, हे त्यास सांगणारा एक मनुष्य तेथे असावा. नसेल, तर फेरी कितीही कल्पक असली तरी ती स्मशानातील करमणूक ठरेल.

आमच्या धर्मबंधूंनी व धर्मशिक्षकांनी हा विचार दूरदेशीचा समजू नये. जुन्या गोव्यातील मंदिरे १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि तेथे पाहणाऱ्यांची रीघ कधी तुटत नाही. ते खांब मोजतील, छायाचित्रे घेतील. त्यांना दोष देण्यापूर्वी, ते आले तेव्हा आपण तेथे काय करीत होतो, हे आपण स्वतःस विचारलेले बरे.