शेऱ्याचा रकाना

‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा.’ ई-पीक पाहणीचं हे घोषवाक्य तुम्ही तहसील कार्यालयाच्या भिंतीवर वाचलं असेल. 15 ऑगस्ट 2021 पासून हे ॲप राज्यभर आलं आणि पीक नोंदवायचं तलाठ्याचं काम शेतकऱ्याच्या मोबाईलवर आलं. माझं भांडण त्यातल्या ‘मीच’शी आहे. नोंदवणारा मीच, हे कबूल. पण काय काय नोंदवता येईल, ते आधीच दुसऱ्या कुणीतरी ठरवून ठेवलंय.

पोंभुर्ण्याकडची एक साधी शेती घ्या. बांधीत धान, धुऱ्यावर तूर. धान कापायच्या आधी, जमिनीत ओल आहे तोवर, त्याच उभ्या धानात लाखोळी फेकायची. याला उतेरा म्हणतात. वेगळी नांगरट नाही की वेगळं पाणी नाही.

आता हे ॲपमध्ये भरून बघा. खाते, गट, हंगाम, मग पीक निर्भेळ की मिश्र, मग यादीतून पिकाचं नाव, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, सिंचनाचं साधन, लागवडीची तारीख, शेवटी फोटो. धुऱ्यावरची तूर मिश्र पीक म्हणायची का? ती धानात मिसळलेली नाहीच, कडेला उभी आहे. बांधावरच्या झाडांसाठी वेगळी सोय आहे, पण तूर म्हणजे झाड नव्हे. आणि धुरा किती आर भरतो, हे सांगा बरं पटकन! लाखोळी रब्बीत नोंदवता येईल, नाही असं नाही. पण ती न नांगरता उभ्या धानात पेरली, ही जी अभ्यासकाला सगळ्यात मोलाची गोष्ट, ती कुठल्याच चौकटीत बसत नाही. यादीत आपलं नाव घालता येत नाही, चौकट वाढवता येत नाही, चार शब्द लिहायला जागा नाही. पुढं जायचं तर दिलेल्यांतलंच काहीतरी निवडायचं.

जुन्या पद्धतीचे गोडवे गायला मी बसलेली नाही. पाहणी न करताच, टेबलावर बसून पीकपेरा लिहिला जातो, ही तक्रार जुनीच आहे आणि ॲप आलं त्यामागं तिचाही हात आहे. शिवाय 2022 पासून 48 तासांत एकदा दुरुस्ती करता येते, हेही सांगायला हवं. पण सातबाऱ्यावरचा गाव नमुना बारा उघडून बघा. त्यात शेवटचा रकाना असतो ‘शेरा’. बहुतेक वेळा कोराच. तरी तो होता. छापील नमुना करणाऱ्यानं निदान एवढं मान्य केलं होतं, की आपल्याला न सुचलेलं काहीतरी शेतात असू शकतं. ॲपमध्ये शेतकऱ्याच्या हाती ते ठेवलेलं नाही.

‘मग काय बिघडलं, तूर नाही नोंदवली तर?’ इथं खरी मेख आहे. सातबाऱ्यावर धान लागलं तर आधारभूत किमतीच्या खरेदीला नोंदणी होते. 2024-25 च्या हंगामात नोंदणीकृत धान उत्पादकांना हेक्टरी 20,000 रुपये बोनस, 2 हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर झाला होता. धानाच्या क्षेत्रातून दोन-चार आर तुरीसाठी वजा कोण करून घेईल? माणूस शहाणा असेल तर पूर्ण गटावर धान, निर्भेळ, असंच भरेल. मीही तसंच भरलं असतं. जो ठेक्यानं दुसऱ्याची जमीन करतो किंवा ज्याचा वनहक्काचा दावा अजून पडून आहे, तो तर या फॉर्मपर्यंत पोचतच नाही, कारण ॲपचा दरवाजा सातबाऱ्यातून उघडतो.

आता तुमच्याकडे या. दोन वर्षांनी तुम्ही पीएचडीच्या प्रस्तावासाठी तालुक्याची पीक आकडेवारी मागवाल. तक्ता येईल, सुंदर, स्वच्छ, रिकामी जागा एकही नाही. तुम्ही लिहाल: ‘या भागात खरिपात धानाची एकपीक पद्धत आढळते.’ आढळली कुठं? ती यादीतून आली. तक्त्यातल्या शून्याचे दोन अर्थ होतात, पीक नव्हतं किंवा पीक सांगायला जागा नव्हती, आणि नुसता तक्ता बघून हे वेगळं करता येत नाही. म्हणून आकडे उघडायच्या आधी ज्या फॉर्मवर ते भरले गेले तो स्वतः एकदा भरून बघा. जिथं चिडचिड होईल तिथं थांबून लिहून ठेवा. ती चिडचिड ‘साधनाच्या मर्यादा’ या प्रकरणात हमखास कामाला येते.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना 1983 साली ‘पटेल 3’ वाणाच्या धानात तीन वेगळ्याच लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढून पेरल्या, पुढं वर्षानुवर्षं जपल्या, आणि त्यातून एचएमटी वाण आला. त्या शेताची त्या वर्षीची नोंद कुठल्याही फॉर्मवर ‘धान’ हीच झाली असती. चुकीचीही नसती म्हणा. पण त्या तीन लोंब्या फक्त शेऱ्यात मावल्या असत्या.

सरकारी ॲप आपण बदलू शकत नाही, पण स्वतःची प्रश्नावली तरी त्याच वळणाची करायची का? कोबोटूलबॉक्ससारखी साधनं फुकट आहेत, मराठीत फॉर्म करता येतो, प्रत्येक यादीच्या खाली ‘इतर (सांगा)’ ठेवता येतं. तरीही आपल्यातले निम्मेजण ते काढून टाकतात, कारण विश्लेषण सोपं जातं. मीही पहिल्या मसुद्यात काढलं होतं. आता परत घातलंय, आणि मार्गदर्शकांचा प्रश्न ठरलेला आहे: ‘याचं कोडिंग कसं करणार?’ हातानं करणार, सर. एकेक शेरा वाचून. सध्या धुऱ्यावरच्या तुरीला मी क्षेत्र न विचारता ओळी विचारते, आणि त्याचे आर कसे काढायचे यावर आमचं अजून जमलेलं नाही.